नाव नसलेल्या तबकड्या

१९८६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या यादीवर एक गंमत घडली. ‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडचं ‘इनव्हिजिबल टच’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर चढलं. जवळजवळ वीस वर्षांच्या वाटचालीत अमेरिकेत हा मान त्यांना पहिल्यांदाच मिळत होता, आणि पुढेही कधी मिळाला नाही. तो टिकला आठवडाभर. लगेच पुढच्या आठवड्यात त्याला खाली ढकलून ‘स्लेजहॅमर’ नावाचं गाणं वर आलं. ते गाणारा पीटर गॅब्रिएल हा जेनेसिसचाच मूळ गायक. अकरा वर्षांपूर्वी तो बँड सोडून गेला तेव्हा आता जेनेसिसचं काही खरं नाही, असं बहुतेक जण धरून चालले होते. ना बँड बुडाला, ना गायक.

आपल्याकडे जेनेसिस म्हटलं की फिल कॉलिन्स आठवतो. केबल टीव्ही घरोघरी आला तेव्हा जेनेसिसचा चेहरा तोच होता. गॅब्रिएलची ओळख झाली ती ‘स्लेजहॅमर’च्या अजब व्हिडिओमुळे, आणि बऱ्याच जणांच्या लेखी ती तिथेच थांबली. या दोघांचं जुनं नातं नंतर कळलं, तेव्हा हे दोन्ही आवाज कधीकाळी एकाच मंचावर होते यावर चटकन विश्वास बसत नव्हता.

बँड सोडून एकट्याने गाणाऱ्यांची रॉक संगीतात रीघ आहे. बहुतेकांचं कारण सरळ असतं. नाव आपलं व्हावं, पैसा आपला व्हावा, आणि वाद्यवाल्यांनी मागे उभं राहून वाजवावं. गॅब्रिएलचं प्रकरण उलटं आहे. नाव झालं म्हणून तो बाहेर पडला, आणि बाहेर पडल्यावर त्याच्या तबकड्यांवर माणसांची जी गर्दी झाली ती जेनेसिसमध्ये कधीच नव्हती. शाळेतल्या मित्रांची बंद खोली सोडून त्याने दार उघडं असलेलं घर बांधलं. त्याच्या एकल कारकिर्दीकडे मी असाच बघतो. तिचे तोटेही याच उघड्या दारातून आत आले.

शाळा म्हणजे सरे परगण्यातलं चार्टरहाउस. शतकानुशतकं जुनी, मुलांची, वसतिगृहाची, वरच्या वर्गाची. १९६७ मध्ये तिथल्या मुलांनी जेनेसिस उभा केला. टोनी बँक्स कीबोर्डवर, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स गिटारवर, आणि गाणारा गॅब्रिएल. त्याला मुळात ड्रम वाजवायचे होते. बासरीही तो वाजवी. हा मुलगा कमालीचा बुजरा. १९७० मध्ये ड्रमवर फिल कॉलिन्स आला, पुढे गिटारवर स्टीव्ह हॅकेट आला, आणि बँडची ओळख पक्की झाली ती लांबलचक, वळणावळणाच्या गाण्यांचा बँड म्हणून.

बुजऱ्या गॅब्रिएलचा नट झाला तो वाद्यं जुळवण्याच्या वेळामुळे. बारा तारांच्या गिटारी दोन गाण्यांच्या मध्ये सारख्या जुळवाव्या लागत. प्रेक्षक ताटकळत. तो रिकामा वेळ भरायला गॅब्रिएल विचित्र गोष्टी रचून सांगू लागला. मग १९७२ च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात तो मध्येच आत गेला आणि बायकोचा लाल झगा घालून, डोक्यावर कोल्ह्याचं तोंड चढवून बाहेर आला. बँडमधल्या कुणालाही त्याने आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी चर्चा करून नकार दिला असता, हे त्याला माहीत होतं. ते छायाचित्र ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं आणि बँडचा भाव एकदम वधारला. तिथून पुढे लोक मुखवटे बघायला येऊ लागले. बँक्स आणि रदरफर्ड यांनी महिनोन्‌महिने घासून बसवलेलं संगीत कोल्ह्याच्या डोक्याआड जाऊ लागलं.

१९७४ चा ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हा दुहेरी अल्बम म्हणजे या ताणाचा कळस. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या रेएल नावाच्या पोर्तो रिकन पोराची गोष्ट. शब्द मीच लिहिणार, असा गॅब्रिएलचा हट्ट. बाकीचे हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत चाली बांधत बसले आणि शब्द येण्याची वाट बघत राहिले. मध्येच ‘द एक्झॉर्सिस्ट’चा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याने सिनेमासाठी कल्पना सुचवायला गॅब्रिएलला बोलावलं. तो थोडे दिवस गेलाही, पण ते फिसकटलं. त्याच उन्हाळ्यात त्याची पहिली मुलगी जन्मली ती आजारी. कित्येक दिवस ती काचेच्या पेटीत होती. हा रुग्णालय आणि स्टुडिओ यांच्यामध्ये धावत होता, आणि अल्बम रखडला म्हणून मित्रांच्या कपाळाला आठ्या होत्या. आपण तेव्हा फार कोरडेपणाने वागलो, हे त्या मित्रांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. तेव्हा ते विशीतले होते आणि बँडपलीकडे त्यांना दुसरं जग नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये, दौरा नुकता सुरू झालेला असताना, गॅब्रिएलने क्लीव्हलंडला त्यांना सांगून टाकलं की दौरा संपला की मी जातो. आणि मग सगळ्यांनी मे १९७५ पर्यंत, फ्रान्समधल्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत, हे गुपित पोटात ठेवून रोज रात्री तोच खेळ केला. त्यात एका सोंगात गॅब्रिएल अंगभर गाठी आलेला प्राणी होई. त्या वेशात माइक तोंडापर्यंत पोचतच नसे, त्यामुळे शब्द नीट ऐकू येत नसत. ज्या शब्दांसाठी एवढं रामायण झालं त्यांची ही गत. ऑगस्टमध्ये त्याने वृत्तपत्रांना एक पत्र दिलं. गाणी लिहिता यावीत म्हणून आम्ही मिळून जे वाहन बांधलं, तेच आमचं मालक झालं, असा त्या पत्राचा सूर होता. भांडण नाही, राग नाही. मग तो बाथजवळच्या घरी जाऊन भाजीपाला पिकवू लागला आणि पियानोचा रियाझ करू लागला.

पहिला एकल अल्बम १९७७ मध्ये आला. तो ध्वनिमुद्रित झाला टोरंटोमध्ये. निर्माता बॉब एझरिन. ॲलिस कूपरच्या भव्य, नाटकी तबकड्यांमागचा हात याचाच. त्याने जमवलेल्या वादकांत न्यूयॉर्कचा टोनी लेविन हा बास वाजवणारा होता. हे नाव लक्षात ठेवावं. गिटारवर ‘किंग क्रिमसन’चा रॉबर्ट फ्रिप होता. अल्बम मात्र एकसंध नाही. कुठे केशकर्तनालयातल्या चौकडीसारखं गाणं, कुठे लंडनचा सिम्फनी वाद्यवृंद, कुठे ब्लूज. बँडमधून सुटलेला माणूस एकेक दार ढकलून बघतोय, हे ऐकताना कळतं.

एक गाणं मात्र पहिल्या फटक्यात सापडलेलं आहे. ‘सॉल्सबरी हिल’. बाथच्या उत्तरेला ही टेकडी आहे. तिच्या माथ्यावर लोहयुगातल्या गढीच्या खुणा आहेत. गाण्याचा विषय उघड आहे. चाकोरीतून बाहेर पडण्याची भीती, आणि बाहेर पडल्यावरचं हलकेपण. पण खरी गंमत त्याच्या मोजणीत आहे. गाणं सात मात्रांचं आहे. रॉक ऐकणाऱ्या पाश्चात्त्य कानाला चार मात्रांची इतकी सवय असते की सातव्या मात्रेनंतर पाय अधांतरी राहतो. आपल्या कानाला सात मात्रांचा रूपक ताल सवयीचा, म्हणून आपल्याला ते अवघड वाटत नाही. उलट चाल किती सहज वाहते याचं नवल वाटतं. कडव्याच्या शेवटी, घरी पोचल्याच्या भावनेशी, मोजणी क्षणभर चारांवर येते आणि पाय जमिनीला लागतो. जेनेसिसच्या गाण्यांतही मात्रांची कोडी असत, पण तिथे ती कोडी म्हणून जाणवत. इथे सोडवायला काही ठेवलेलं नाही. साधी गिटार आणि एक बासरीसारखी धून, बस्स. इंग्लंडच्या यादीत ते तेराव्या क्रमांकावर पोचलं, आणि मागे वळून बघायची गॅब्रिएलला गरज उरली नाही. बँडनेही तोवर नवा गायक शोधला होता. बरेच जण तपासून झाल्यावर माइक ड्रमवाल्याच्या, म्हणजे कॉलिन्सच्याच हातात आला.

त्या पहिल्या अल्बमचं नाव ‘पीटर गॅब्रिएल’. त्यात विशेष काही नाही. पण १९७८ च्या दुसऱ्याचंही नाव ‘पीटर गॅब्रिएल’. १९८० च्या तिसऱ्याचं तेच, १९८२ च्या चौथ्याचंही तेच. त्याची कल्पना अशी होती की अल्बम म्हणजे मासिकाचा अंक. मासिकाचं नाव दर वेळी बदलत नाही; आतला मजकूर आणि मुखपृष्ठ बदलतं. दिवाळी अंकांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. तबकडी विकणाऱ्यांना मात्र ती मुळीच पटली नाही. शेवटी लोकांनी मुखपृष्ठांवरून नावं पाडली. पहिला ‘कार’, कारण पावसाचे थेंब साचलेल्या निळ्या गाडीत तो डोळे मिटून बसलाय. दुसरा ‘स्क्रॅच’, कारण तो नखांनी कागद ओरबाडतोय. तिसरा ‘मेल्ट’, कारण पोलरॉइड छायाचित्रातला ओला रंग दाबून त्याचा अर्धा चेहरा वितळवलेला आहे. ही तिन्ही मुखपृष्ठं ‘पिंक फ्लॉइड’साठी प्रसिद्ध असलेल्या हिप्नोसिस या संस्थेची. चौथ्याच्या वेळी अमेरिकेतल्या गेफन कंपनीने हात टेकले आणि वेष्टनावर ‘सिक्युरिटी’ अशी चिठ्ठी चिकटवून टाकली. एका गोष्टीकडे मला लक्ष वेधायचं आहे. ज्याने मुखवट्यांवर नाव कमावलं, त्याने एकट्याने काम करायला लागल्यावर स्वतःचा चेहरा पुसायला, ओरबाडायला, वितळवायला घेतला.

दुसरा अल्बम रॉबर्ट फ्रिपने केला. कोरडा, घाईचा. तो मागे टाकून तिसऱ्याकडे येऊ. कारण तिथे गॅब्रिएल गॅब्रिएल होतो.

१९७९ चं लंडन. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम. गॅब्रिएलने ड्रमवाल्यांना अट घातली की झांजा वाजवायच्या नाहीत. ड्रमच्या संचात चकत्यांची छमछम सारखी सगळ्यावर पसरते आणि उरलेल्या आवाजांची जागा खाते. ती काढली की वादकाला हात कुठे मारावा हेच कळेनासं होतं, आणि मग तो नवं काही शोधतो. ‘इन्ट्रूडर’ या गाण्यासाठी ड्रमवर बसला होता फिल कॉलिन्स. लग्न मोडलं होतं, जेनेसिस सुट्टीवर होता, म्हणून तो रिकामा होता. टाउनहाउस स्टुडिओत वादकांच्या खोलीत एक जादा माइक टांगलेला असे, वादकांचं बोलणं पलीकडच्या यंत्रखोलीत ऐकू यावं एवढ्यासाठी. त्याला जोडलेलं यंत्र बारीक आवाज मोठे करी आणि मोठे दाबून टाकी. कॉलिन्स ड्रम वाजवत असताना हा बोलण्याचा माइक उघडा राहिला आणि यंत्रखोलीत गडगडाट झाला. पॅजमने त्यावर आणखी एक युक्ती केली. घुमारा विरत जाण्याआधीच त्याला कात्री लावणारं ‘गेट’ बसवलं. आवाज प्रचंड, आणि मग एकदम काही नाही. जणू कुणी दार आपटून बंद केलं. घरात चोरपावलांनी शिरणाऱ्या माणसाच्या गाण्याला याहून नेमका आवाज मिळणं शक्य नव्हतं.

हा आवाज पुढे जगभर गेला तो मात्र कॉलिन्सच्या नावाने. १९८१ मध्ये त्याने ‘इन द एअर टुनाइट’ हे आपलं पहिलं एकल गाणं याच तंत्रावर उभं केलं, आणि मग दहाएक वर्षं सिनेमाच्या पार्श्वसंगीतापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे तेच ड्रम धडधडत राहिले. म्हणजे गॅब्रिएलने सोडलेला माइक कॉलिन्सने उचलला, आणि गॅब्रिएलच्या अल्बमवर सापडलेला ड्रमही त्यानेच घरोघरी पोचवला. दोघांत यावरून कधी वैर झालं नाही. रॉकच्या दुनियेत हे दुर्मीळ आहे.

याच अल्बमवर केट बुशचा आवाज आहे, पॉल वेलरची गिटार आहे, आणि शेवटी ‘बिको’ आहे. स्टीव्ह बिको हा दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय जाणिवेच्या चळवळीचा नेता. १२ सप्टेंबर १९७७ रोजी तो पोलिसांच्या ताब्यात मेला. वय ३०. उपोषणाने मेला असं सरकारने आधी सांगितलं. प्रत्यक्षात डोक्याला झालेल्या जबर इजांनी तो गेला होता. बातमी ऐकून गॅब्रिएलने डायरीत नोंद केली, बिकोबद्दल वाचायला सुरुवात केली, आणि तीनेक वर्षांनी हे साडेसात मिनिटांचं गाणं आलं. त्याच्या दोन्ही टोकांना दक्षिण आफ्रिकेतल्या अंत्ययात्रेच्या गाण्यांचे तुकडे आहेत. मध्ये एक ब्राझिली ढोल मंद ठोके देत राहतो. गाण्यात भाषण नाही. एक तारीख, एक गाव, एक खोली, एक नाव. ज्याने आजवर कोल्हे, राक्षस आणि मिथकं यांच्यावरच गाणी लिहिली त्याला राजकारणावर लिहायची भीती वाटली होती, आणि ती भीती कामी आली. दक्षिण आफ्रिकेने तबकडीवर बंदी घातली.

अमेरिकेतल्या ॲटलांटिक कंपनीला हा अल्बम मुळी कळलाच नाही. विकण्याजोगं यात काही नाही म्हणून त्यांनी तो नाकारला आणि गॅब्रिएलला सोडून दिलं. मग मर्क्युरी कंपनीने तो काढला. इंग्लंडात तो पहिल्या क्रमांकावर गेला. माझ्या मते गॅब्रिएलने याहून चांगलं काही केलेलं नाही, आणि पुढच्या सगळ्या यशाची बीजं यात आहेत.

चौथ्यासाठी त्याने बाथजवळच्या ॲशकोम हाउसमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. फेअरलाइट नावाचं ऑस्ट्रेलियन यंत्र इंग्लंडात सर्वांत आधी घेणाऱ्यांत तो होता. कोणताही आवाज मुद्रित करून तो कळफलकावर वाजवता येणारं हे यंत्र. एका दूरचित्रवाणी माहितीपटात तो भंगारवाड्यात फिरताना दिसतो. जुन्या टीव्हीच्या काचा फोडतोय, पाइपांत फुंकतोय, आणि ते आवाज घेऊन घरी येतोय. पण भंगाराहून त्याला जास्त ओढ लागली होती ती आफ्रिकेतल्या तालांची. रेडिओवर, जुन्या तबकड्यांवर ऐकलेले हे लोक मंचावर का दिसत नाहीत, असा त्याचा प्रश्न होता. त्यातून ‘वोमॅड’ हा जगभरच्या संगीत-नृत्याचा महोत्सव जन्मला. जुलै १९८२, शेप्टन मॅलेट. बुरुंडीचे ढोलवादक, डॉन चेरी, ‘एको अँड द बनीमेन’. कलावंत उत्तम, आणि हिशोब पार बुडीत. ऐन वेळी रेल्वेचा संप झाला. प्रेक्षक अपेक्षेच्या मानाने फारच थोडे आले. आयोजकांत नाव असलेला माणूस एकच होता, त्यामुळे घेणेकरी त्याच्याच मागे लागले.

मराठी नाटकमंडळ्यांचा इतिहास माहीत असलेल्याला या गोष्टीतलं पुढचं वळण ओळखीचं वाटेल. किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व १९१३ मध्ये बाहेर पडले ते स्वतःची कंपनी काढायला. कर्जांनी तीही गांजली. आणि १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालक-गायकांनी, बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी, ‘संयुक्त मानापमान’ एका मंचावर केलं. गॅब्रिएलच्या बाबतीत जुना बँडच मदतीला आला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्सच्या मैदानात जेनेसिस आणि गॅब्रिएल एका रात्रीपुरते एकत्र आले. मुसळधार पाऊस पडत होता. गॅब्रिएलला मंचावर शवपेटीतून आणलं. पेटीचं झाकण उघडून तो बाहेर आला आणि ‘लॅम्ब’मधलं गाणं गाऊ लागला. हॅकेटही शेवटच्या गाण्यांना येऊन मिळाला. मैदान भरलं, कर्ज फिटलं, वोमॅड जगला. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या आठ्या बघून तो निघून गेला होता, त्याच मित्रांनी त्याचा नवा संसार वाचवला. आणि नंतर सगळे आपापल्या वाटेने गेले. त्या रात्रीचं अधिकृत ध्वनिमुद्रण आजवर बाजारात आलेलं नाही. जेनेसिसच्या भक्तांना याची जन्माची हळहळ आहे.

१९८६ च्या ‘सो’ या अल्बमबद्दल खूप लिहिलं गेलंय, तेव्हा मोजकंच. नाव देण्याचा कंपनीचा आग्रह त्याने मानला तो दोन अक्षरांपुरता. निर्माता कॅनडाचा डॅनिएल लान्वा. गॅब्रिएलचा शब्द लिहिण्यातला चालढकलपणा एव्हाना दंतकथा झाला होता. लान्वाने एकदा वैतागून त्याला खोलीत घातलं आणि दाराला बाहेरून खिळे ठोकले, ही गोष्ट दोघेही हसत सांगतात. ‘स्लेजहॅमर’मध्ये ट्रम्पेट वाजवणारा वेन जॅक्सन कधीकाळी ओटिस रेडिंगबरोबर वाजवत असे. शाळकरी गॅब्रिएलने १९६६ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये रेडिंगला ऐकलं होतं आणि त्या रात्रीचं ऋण असं फेडलं. व्हिडिओसाठी तो काचेच्या तावाखाली १६ तास पडून राहिला. एकेक चित्र, एकेक हालचाल. एमटीव्हीचे ९ पुरस्कार मिळाले. ‘डोन्ट गिव्ह अप’ हे बेकारीवरचं गाणं. त्यातली दिलासा देणारी बाजू डॉली पार्टनने गावी असं त्याच्या मनात होतं, ती नाही म्हणाली आणि केट बुश आली. देवाच्या कृपेनेच म्हणायचं. आणि ‘इन युअर आइज’च्या शेवटी सेनेगलचा यूसू एनदूर वोलोफ भाषेत आलाप घेतो तेव्हा इंग्रजी गाणाऱ्याने शहाणपणाने बाजूला उभं राहायचं ठरवलेलं असतं. हे गाणं अल्बमच्या शेवटी यावं अशी गॅब्रिएलची इच्छा होती. पण तबकडीच्या आतल्या कडेला खर्जाचे स्वर नीट बसत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला गेलं. २००२ च्या नव्या सीडीत त्याने ते पुन्हा शेवटी नेलं. सोळा वर्षं ही सल जपणारा माणूस आहे हा. ‘सो’ उत्तम आहे, पण थोडा फार चकचकीत आहे. तिसऱ्या अल्बममधली भीती त्यात नाही.

भारतीय उपखंडाशी त्याचा धागा याच सुमारास घट्ट झाला. १९८५ मध्ये एसेक्सच्या किनाऱ्याजवळच्या मर्सी बेटावर वोमॅड भरला होता. तिथे नुसरत फतेह अली खाँसाहेब आपल्या मंडळींसह बसले, आणि कव्वालीचा एक शब्दही न कळणारे इंग्लिश श्रोते जागेवरून हलले नाहीत. गॅब्रिएलने मार्टिन स्कॉर्सेझीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ला संगीत दिलं, आणि १९८९ मध्ये ते ‘पॅशन’ नावाने अल्बम म्हणून आलं. त्यात ख्रिस्ताच्या यातनांवर खाँसाहेबांचा आलाप आहे. सूफी गळा, ख्रिस्ती कथा, इटालियन वंशाचा अमेरिकन दिग्दर्शक, आणि हे सगळं जुळवणारा इंग्लिश रॉक गायक. याच अल्बमवर एल. शंकर यांचं दुहेरी व्हायोलिन आहे. झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ या गटात वाजवणारे हेच शंकर; दहा तारांचं, दोन दांड्यांचं हे वाद्य त्यांनी स्वतः बेतून घेतलं. पुढे गॅब्रिएलच्या दौऱ्यांतही ते होते. ३० सप्टेंबर १९८८ रोजी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा मानवी हक्कांचा दौरा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, यूसू एनदूर यांच्यासोबत गॅब्रिएल तिथे गायला.

परक्यांचं संगीत उचलून गोऱ्यांनी नाव कमावलं, हा आरोप त्याच्यावर झाला आणि होतो. तो साफ खोटा नाही. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे लेबल १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या कंपन्यांच्या बैठकीत ठरलं. दुकानात सेनेगल, पाकिस्तान आणि बल्गेरिया एकाच कप्प्यात कोंबण्याची ती सोय होती. पण गॅब्रिएलच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ‘पॅशन’बरोबर त्याने त्याच वर्षी ‘पॅशन – सोर्सेस’ हा दुसरा अल्बम काढला. ज्या मूळ सुरांवरून त्याने काम केलं ते सूर, ज्यांचे होते त्यांच्या नावाने. विल्टशरमधल्या बॉक्स गावी जुन्या पाणचक्कीत रिअल वर्ल्ड स्टुडिओ उभा राहिला, १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी निघाली, आणि तिच्या पहिल्या तबकड्यांत खाँसाहेबांचा ‘शहेनशाह’ होता. १९९० चा ‘मस्त मस्त’ तिथलाच. आमच्या मुंबईच्या सिनेमावाल्यांनी तेव्हा कुणाला नाव दिलं? ‘दम मस्त कलंदर’ची सावली घेऊन १९९४ मध्ये ‘मोहरा’तलं ‘मस्त मस्त’ देशभर वाजलं, आणि खाँसाहेबांचं नाव मात्र श्रोत्यांनीच शोधून काढलं. बॉक्सच्या कपाटात १९९० चं खाँसाहेबांचं एक विसरलेलं ध्वनिमुद्रण नंतर सापडलं. ते २०२४ मध्ये ‘चेन ऑफ लाइट’ म्हणून आलं. मरणानंतर सत्तावीस वर्षांनी नवा अल्बम.

उघड्या दाराचे तोटे आता सुरू झाले. सगळे येतात, सगळं सुंदर वाजवतात, आणि घरमालकाला काहीच टाकवत नाही. १९९२ चा ‘अस’ अजून सावरलेला आहे, कारण त्यामागे दुखणं खरं आहे. लग्न मोडलेलं, मानसोपचाराच्या गटात घालवलेली वर्षं, दुरावलेल्या मुलीला केलेली विनवणी. मग थेट २००२ चा ‘अप’. दहा वर्षं शिजल्यामुळे त्यातली काही गाणी गाळ झाली आहेत. पण त्यात ‘सिग्नल टू नॉइज’ आहे. खाँसाहेब १९९७ मध्ये गेले; त्यांचा आधी टिपलेला आवाज वाद्यवृंदातून वर येतो आणि गाणं मागे पडतं.

त्यापुढचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम, ‘आय-ओ’, आला २०२३ मध्ये. मध्ये २१ वर्षं. दुसऱ्यांची गाणी वाद्यवृंदावर गाऊन झाली, स्वतःची जुनी गाणी वाद्यवृंदावर गाऊन झाली, नेल्सन मंडेलांच्या ‘एल्डर्स’ या ज्येष्ठांच्या मंडळाच्या उभारणीत हात लावून झाला. आपल्या इलाबेन भट त्या मंडळात होत्या. ‘आय-ओ’ची गाणी त्याने एकदम सोडली नाहीत. २०२३ च्या प्रत्येक पौर्णिमेला एक. पंचांग काढून बघितलं तर पहिलं पौष पौर्णिमेला पडलं, एक होळीला, एक हनुमान जयंतीला, एक गुरुपौर्णिमेला. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणून बारा गाण्यांचा कोटा कार्तिकातच पुरा झाला. ‘अँड स्टिल’ हे दिवंगत आईवरचं गाणं कोजागरीला आलं. हा योग त्याच्या गावीही नसेल.

आणि एवढं करूनही त्याला ठरवता आलं नाही. प्रत्येक गाण्याची दोन स्टिरिओ रूपं त्याने दिली. एक मार्क स्टेंटने केलेलं उजळ, एक चॅड ब्लेकने केलेलं काळोखं. अल्बम एक, मिश्रणं दोन, ऐकणाऱ्याने निवडावं. मला हे औदार्य वाटत नाही. निर्णय टाळण्याची ही सवय आता इतकी जुनी झाली आहे की तिलाच शैली म्हणावं लागतं. दाराला खिळे ठोकणारा लान्वा इथे हवा होता.

तरी ‘आय-ओ’ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. गायक तेव्हा ७३ वर्षांचा होता, आणि आवाजात किंचित खरखर आली असली तरी वरच्या स्वरांना तो अजून जपून पोचतो. बास गिटार टोनी लेविनचीच आहे. टोरंटोत पहिल्या अल्बमला वाजवलेला तोच. जेनेसिसमध्ये गॅब्रिएल सात-आठ वर्षं होता; या ‘एकट्या’च्या कामात लेविन त्याच्यासोबत चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे, गिटारवाला डेव्हिड ऱ्होड्सही जवळजवळ तितकाच. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहात जेनेसिसचा अखेरचा कार्यक्रम झाला. कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. गॅब्रिएल प्रेक्षकांत होता. मंचावर तो गेला नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘सो’पासून सुरुवात करू नये. ते पुढे आपोआप कानावर येतंच. वितळलेल्या चेहऱ्याच्या तिसऱ्या अल्बमपासून सुरुवात करावी, ‘बिको’ संपल्यावर थोडं थांबावं. मग ‘पॅशन’, शक्यतो ‘सोर्सेस’च्या जोडीने, म्हणजे कुणाचं काय ते आपल्याला आपलं ठरवता येईल. ‘अप’ घाईत असाल तर सोडून द्या, फक्त शेवटून दुसरं गाणं ऐका. आणि ‘आय-ओ’ची काळोखी बाजू घ्यावी. उजळ बाजूत सगळं नीट ऐकू येतं, आणि हा माणूस सगळं नीट ऐकू येत नाही तेव्हाच जास्त चांगला लागतो.